अम्माच्या तोंडचं नाव

माझं नाव फारसी आहे. जिची आस धरून वाट पाहिली ती, असा त्याचा अर्थ. अब्बा आरमोरीला जंगलाच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते, थोडं फारसी शिकलेले. माझ्या आधीच्या दोघी बहिणी रांगायच्या आतच गेल्या होत्या. म्हणून सातव्या दिवशी, अकिक्याला, अब्बांनी मला हे नाव दिलं.

अम्माने ते कधी तोंडात घेतलं नाही. पोर इतकी हवीशी आहे हे ऐकू नये त्याने ऐकलं, तर हीही जाईल, अशी तिला धास्ती. शेजारच्या धानवाल्या बाईने गावचा उपाय सांगितला. त्याप्रमाणे अम्माने मला सुपात घालून तिच्या हवाली केलं, बदल्यात ओंजळभर कोंडा घेतला, आणि मग दुसऱ्याची पोर सांभाळायला घ्यावी तशी मला घरात परत आणलं. तेव्हापासून मी कोंडी.

कोणी माझं कौतुक केलं, की अम्मा शेजारणीकडे बोट दाखवी. "माही कुठची? हिची हाय. मी त नुसती पोसून राह्यली."

"मंग पाठव ना माह्या घरी," शेजारीण म्हणे. "धानातलं गवत निंदाले तरी कामी येईल!"

शाळेत अब्बांनी खरं नाव घातलं. पहिल्या दिवशी गुरुजींनी ते पुकारलं, तेव्हा ही मुलगी कोण म्हणून मीही मागे वळून पाहिलं.

पुढे त्या नावाची सवय झाली, आणि ते अम्माकडून ऐकावंसं वाटू लागलं.

"अम्मा, एकदा तरी त्या नावानं हाक मार ना."

"काऊन? कोंडी म्हटलं त येत नाई का तू?"

"एकदाच."

"मोठी हो. मंग मारीन."

मी सातवीत असताना अम्मा तापाने गेली. शेवटच्या दिवशी पाणी मागितलं तेही कोंडीकडेच.

मय्यत नेल्यावर घरात बायका उरल्या. शेजारीण माझ्याजवळ सरकली.

"तुही माय धान कांडताना तुहं शाळेतलं नाव घेत राहे," ती हळूच म्हणाली. "मुसळाच्या आवाजात. कोनाले आयकू जाऊ नये म्हनून. मले भिताडापलीकडून आयकू ये."

धान ती सकाळी कांडायची. मी तेव्हा शाळेत असायची.

"कशी म्हणायची?" मी विचारलं.

ती आठवत राहिली. ओठ उघडले, पुन्हा मिटले.

"मले नाई येत पोरी, तिच्यासारखं."