त्याच लुगड्यावर

“फिर गं जरा. मागून पण दिसू दे सगळ्यांना.”

महिला मंडळाच्या बाईसाहेब माझ्या आईला म्हणाल्या. शाळेच्या पटांगणात गावच्या बाया जमल्या होत्या. बांगलादेशची लढाई चालू होती. आष्टीजवळच्या आमच्या गावात कापड मिळत नव्हतं. आई बुद्धवाड्यातली, मजुरीवाली. तिला एकच लुगडं.

“बघा, एका लुगड्याला अकरा ठिगळं. याला म्हणतात काटकसर. देशासाठी एवढं करा.”

आई फिरली. मान खाली. पदर कुठं धरावा तिला कळंना. बायांनी टाळ्या वाजवल्या.

म्या बी वाजवल्या.

मी पाचवीत होते. त्या सभेत काटकसरीचं भाषण मीच वाचलं होतं. आमच्या वस्तीतल्या पोरीला पहिल्यांदाच कुणी बोलायला उभं केलं होतं. मी फुगून गेल्ते.

आणि मला माहीत होतं. कंट्रोलच्या, म्हंजी रेशनच्या कापडाचं दुकान बाईसाहेबांचंच. आठ दिवसांआधी आईला तिथून ‘माल संपला’ म्हणून परत लावून दिलं होतं. मी भाषणाच्या तयारीला त्यांच्या घरी गेल्ते, तवा मागच्या खोलीत लुगड्यांचे गठ्ठे पाहिले. पार आढ्यापर्यंत. कुणाला बोलले न्हाई. बोलले असते तर भाषण गेलं असतं.

घरी आई चुलीपुढं बसली. एवढंच म्हनली, “मला वाटलं, तू तरी म्हनशील, आई खाली बस म्हनून.”

म्या भाकर तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब वर्गात आल्या. “परवा परतूरला सभा आहे. हेच भाषण वाच. आईला आण, त्याच लुगड्यावर.”

मी जागेवर उभी राहिले. “न्हाई येणार. आई बी येणार न्हाई. तुमच्या मागल्या खोलीत लुगडी हायेत. म्या बघितलीत.”

गुरुजींनी थोबाडीत मारली. पुन्हा त्या शाळेत मला कुणी बोलू दिलं न्हाई. आईला लुगडं बी मिळालं न्हाई.

पुढं मी मास्तरीण झाले. आईला साड्या घेतल्या. माफी मागायची राहिली ती राहिलीच. आई गेली.

परवा लढाईच्या बातम्या चालू होत्या, तवा बदनापूरच्या एका कार्यक्रमात मला बोलावलं. “त्या काळात बायका किती काटकसरीनं राहायच्या, ते सांगा.”

मी म्हणाले, “माझी आई काटकसर करत नव्हती. तिच्या वाटचं कापड दाबून ठेवलं होतं. कुणी, ते सांगते.”

“मॅडम, जुनं कशाला काढता?” संयोजक बाईंनी माईक घ्यायला हात पुढं केला.

म्या दिला न्हाई. देणार न्हाई.