घरी जायचा आठवडा

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मोठ्या डॉक्टरांनी आम्हा नर्सेसना बोलावलं आणि म्हणाले, "ड्युट्या तुमच्या सोयीनं वाटून घ्या." इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात राबतेय, पण आमची सोय कुणी पहिल्यांदाच विचारली होती. आम्ही आपसात ठरवलं, एक आठवडा वॉर्डात, एक आठवडा घरी.

मला काम आवडायचं, सांगायला लाज कसली. ऑक्सिजनवरचा माणूस उठून चहा मागायला लागला की माझा मलाच अभिमान वाटायचा. पण वॉर्डातल्या त्या आठवड्यात जीव सगळा घराकडे लागला होता. नवरा माजरीच्या कोळसा खाणीवर अडकलेला, आणि पोंभुर्ण्यापुढे जंगलातल्या आमच्या गावात लहानगी लेक सासूबाईंजवळ.

आठवडा संपला. तपासणी केली, काही निघालं नाही. स्कुटी काढून गाव गाठलं, तर शिवेवर रस्त्यात बांबू आडवा. त्याला कडुनिंबाचे डहाळे, खाली शेंदूर आणि फोडलेला नारळ. गाव बांधलं होतं. आमच्याकडे रोगराई आली की देवीची पूजा करून शीव बांधतात. मग पुजारी ती मोकळी करेपर्यंत आतला बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही.

राखणीला शेजारचे भाऊ बसले होते. त्यांच्या सुनेचं बाळंतपण मीच केलेलं. मला बघून ते उठले, हात जोडले.

"बाई, मनाले लावून नोका घेऊ. गावानं ठरवलं."

"भाऊ, तपासून आली मी. मले काही नाई."

"तुमीच त भोंग्यावर सांगत होत्या, बाहेरच्याले गावात घेऊ नोका. लोकायनं तुमचंच आयकलं."

"मी काऊन बाहेरची?"

भाऊंनी मान खाली घातली. खाली बसून काडीनं माती उकरत राहिले.

राग आला, खूप आला, पण काढणार कुणावर? मास्क लावा म्हणून घसा फोडला तेव्हा या लोकांनी ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं हे. बांबू उचलून आत गेले असते तर कदाचित कुणी धरलंही नसतं. पण मग गावात कुणाला साधा ताप आला तरी माझंच नाव पुढे आलं असतं, आणि सासूबाईंना, लेकीला त्याच गावात राहायचं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. हातातोंडाशी आलेला आठवडा असा शिवेवर थांबला आणि मला काहीच करता येईना.

भाऊंनी घरी निरोप धाडला. सासूबाई लेकीला घेऊन आल्या. तिच्या हातात भात-वरणाचा डबा होता. मी स्कुटी लावून खाली उकिडवी बसले, म्हणजे तिला नीट बघता येईल. ती धावत आली. बांबूखालून डबा माझ्याकडे सरकवला आणि तशीच उलट्या पावली मागे जाऊन आजीच्या लुगड्याला टेकली.

"डबा ठेवाचा न मांगं याचं," ती म्हणाली. "आजीनं शिकवलं मले."

आणि बरोबर केलं ना, अशी माझ्याकडे बघत राहिली.

वॉर्डात नातेवाइकांना मी रोज हेच सांगत होते. ती वाट बघत होती.

"शाबास," मी म्हणाले. "असंच कराचं."

ती खुदकन हसली, आणि आणखी एक पाऊल मागे सरकली.