आधी कान, मग अंगठा

शाईच्या पॅडचं झाकण डाव्या तळहाताने दाबून धरायचं आणि समोरच्याला म्हणायचं, "आधी कान, मग अंगठा." ही बाईंची रीत. मग अर्ज चष्म्याजवळ नेऊन 'प्रति'पासून 'कळावे'पर्यंत मोठ्याने वाचायचा. बाहेर ओट्यावर पंचवीस माणसं ताटकळलेली असोत, कोणाला उन्हाने भोवळ येवो, नाहीतर माझी एसटी चुको. वाचन थांबायचं नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामात चोख, आणि त्याच चोखपणाने आपल्याला वेड लावणारी. बाईंनी मला चार वर्षं वेड लावलं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. वाशीत नव्या सोसायट्या उठत होत्या आणि आमचं कायदा मदत केंद्र त्यातल्याच एका सोसायटीच्या पंपाच्या खोलीशेजारी, भिंतीला भिंत लावून होतं. विधवांची पेन्शन, कामगारांचा विमा, अपघाताची भरपाई, निराधार म्हाताऱ्यांचं अनुदान, असल्या हक्कांचे अर्ज आम्ही फुकट लिहून द्यायचो. मी नुकताच वकील झालेला. कोट नवा आणि डोक्यात हवा. बाई पन्नाशीच्या, साताऱ्याकडच्या. सरकारी कचेरीत वीस वर्षं कारकुनी करून नोकरी सोडलेल्या. नोकरी का सोडली विचारलं की म्हणायच्या, "तिकडे अर्ज घ्यायचे कसे नाहीत ते शिकले. म्हटलं आता द्यायचे कसे ते बघू."

पंप सुरू झाला की बाईंचा आवाज चढायचा. मग कोणाच्या नवऱ्याला काय आजार होता आणि कोणाच्या घरी खाणारी तोंडं किती, हे तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं. सोसायटीच्या सेक्रेटरीने तक्रार केली. तेव्हापासून पंप चालू झाला की बाई खिशाएवढ्या बटव्यातून खडीसाखर काढून तोंडात टाकायच्या आणि पंप बंद होईस्तोवर गप्प बसायच्या. म्हणजे आणखी अर्धा तास गेला! मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

बरं, ऐकून माणसं नुसती मान हलवतील तर शप्पथ. तुर्भ्याची एक तरुण बाई आली होती, नवरा खडीच्या खाणीत गेलेला. 'माझे मयत पती' असं ऐकल्यावर म्हणाली, "मयत नका म्हणू." दुसरं काय लिहायचं? बाईंनी 'मयत' खोडून 'कैलासवासी' लिहिलं, आणि ठाण्याच्या कचेरीतून अर्ज परत आला, 'मयत असल्याचा स्पष्ट उल्लेख नाही' असा शेरा घेऊन. बाईंनी तिला पुन्हा बोलावलं, तो शेराही वाचून दाखवला, आणि तिने स्वतः "लिहा मयत" म्हटल्यावरच लिहिलं. एका शब्दापायी दोन महिने.

तरी एकदा मी त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो. महापेच्या कारखान्यातला एक कामगार, यंत्राने डाव्या हाताची बोटं अंगठ्यासकट नेलेली. भरपाईच्या अर्जावर त्याने उजवा अंगठा उठवला. कचेरीने अर्ज फेटाळला. का? तर पुरुषाचा डावा अंगठा पाहिजे. बाईंनी उत्तर लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, आणि मग तो इतका हसला की ओट्यावरची माणसं आत डोकावली. उत्तरात लिहिलं होतं, 'सदर अंगठा कारखान्याकडे जमा आहे. कृपया तेथून मागवून घ्यावा.' आठ दिवसांत अर्ज मंजूर झाला.

एकदा मी चिडून विचारलं, "बाई, हे वाचनाचं खूळ कुठून घेतलंत हो?" त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "वडील गेले तेव्हा भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं. म्हणाले इथे सही कर. मला वाचता येत होतं रे. चांगली मॅट्रिक होते मी. तरी नाही वाचलं, भाऊच होते ना." एवढं बोलून त्यांनी पुढच्याला हाक मारली.

आता धाकलीबायबद्दल सांगतो. सांगताना आजही माझा जीव चडफडतो.

धाकलीबाय खाडीकाठच्या एका गावची. जन्मभर मिठागरात राबलेली, मिठाने तळपाय फुटलेले. मिठागर बंद झालं, नवरा गेला, आणि एकुलता एक मुलगा उरणला सासरवाडीला जाऊन राहिला तो परत फिरकलाच नाही. म्हातारी शेजाऱ्यांच्या पेजेवर जगत होती. निराधार अनुदान तिच्यासारख्यांसाठीच होतं. फक्त नियम असा, की सज्ञान मुलगा असेल तर तो सांभाळत नाही असं अर्जात लिहावं लागे.

बाईंनी तसं लिहिलं आणि वाचलं, 'माझा मुलगा विभक्त राहतो व माझा सांभाळ करीत नाही.' धाकलीबायने शाई लावायला पुढे केलेला हात पदराखाली घेतला.

"असं नको लिवू गो बाय. माजा पोर हाय. त्यानं मना टाकली नाय. त्याला येल गावत नाय."

"आजी, किती वर्षं वेळ नाही त्याला?" मी विचारलं.

"तू मधी बोलू नको," म्हातारी म्हणाली. बाईही तेच म्हणाल्या, फक्त डोळ्यांनी.

मग सुरू झाला बाईंचा खेळ. 'मुलगा कामानिमित्त परगावी असतो' असं लिहिलं. धाकलीबायने खुशीत अंगठा दिला, कचेरीने अर्ज परत पाठवला. 'मुलाचे येणे-जाणे होत नाही.' परत. 'मुलाची परिस्थिती बेताची असल्याने.' परत, आणि या वेळी लाल शाईत, 'मुलगा आहे. अपात्र.' असे आठ महिने गेले. म्हातारी दर खेपेला आणखी वाळलेली दिसायची. मी म्हणायचो, "बाई, एक वाक्य आहे हो! तिला कोण सांगायला जातंय?" बाई म्हणायच्या, "तिचं वाक्य आहे ते. माझं नाही आणि तुझंही नाही."

शेवटी जे व्हायचं ते झालं. एका सोमवारी बाई ठाण्याला गेल्या होत्या आणि धाकलीबाय दारात येऊन भिंतीला टेकून बसली. बसली म्हणजे पाय चालेनात म्हणून बसली. माझं डोकं फिरलं. मी कोरा कागद ओढला, ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि पॅड उघडून तिच्यापुढे केलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "वाचनार नाय?"

"तेच आहे आजी, मागचंच," मी म्हणालो.

तिने अंगठा दिला.

दोन महिन्यांत अनुदान मंजूर झालं. मंजुरीचा कागद वाचताच बाईंना कळायचं ते कळलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा 'वकीलसाहेब' म्हणाल्या. "वकीलसाहेब, तिने नको म्हटलं असतं."

"नको म्हणून उपाशी मेली असती!"

"कदाचित. पण तिला विचारायला पाहिजे होतं."

आठवडाभर आमचा अबोला. मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही, खरंच सांगतो. म्हातारीच्या घरी चूल पेटत होती. भांडायचं तर भांडा.

सहा-सात महिन्यांनी अनुदानाची फेरतपासणी निघाली. गावच्या देवळापुढे सगळ्यांना बसवून एकेका अर्जातला मजकूर वाचला गेला. धाकलीबायचाही. चारचौघांत, गावच्या लेकीसुनांच्या-शेजारणींच्या देखत. गावात वाचलं ते उरणला पोचायला किती वेळ लागतो? चार दिवसांत मुलगा आला. आईकडे नव्हे, तर कचेरीत. आपली बदनामी झाली म्हणून तावातावाने लेखी जबाब देऊन गेला, की मी आईचा सांभाळ करतो. तिच्या दारावरून गेला, पण आत पाऊल टाकलं नाही. अनुदान रद्द!

रद्द झाल्याचा कागद घेऊन धाकलीबाय केंद्रात आली तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. वाटलं, आता शिव्या देईल, आणि द्याव्यातच. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. कागद बाईंच्या हातात दिला. "वाच. पोरानं लिवून दिलंय म्हनतात."

बाईंनी वाचलं. 'अर्जदार यांच्या मुलाने, मी माझ्या आईचा सांभाळ करतो, असा जबाब दिल्याने...'

"परत वाच गो."

बाईंनी परत वाचलं. पंप सुरू झाला तरी त्या वाचत राहिल्या, आणि म्हातारीचा चेहरा असा काही फुलत गेला की मला तिथे बसवेना.

"आजी, आता पैसे यायचे नाहीत. कळलं ना?" बाई म्हणाल्या.

"आयकलंय मी."

मी उसळून म्हणालो, "अपील करता येतं! तीस दिवस आहेत. मुलाचा जबाब खोटा आहे, एवढंच लिहायचं."

धाकलीबायने बाईंना विचारलं, "म्हंजे माजा पोर खोटा बोलतो, असं लिवनार?"

"हो," बाई म्हणाल्या. "तेच लिहावं लागेल."

"मंग नको."

आणि बाईंनी अपिलाचा कागद खणात परत ठेवून दिला. ठेवून दिला हो! मी आरडाओरडा केला. म्हटलं, या म्हातारीला उपाशी मारायचा तुम्ही दोघींनी चंग बांधलाय काय? नियम करणाऱ्याला शिव्या दिल्या, मुलाला दिल्या, बाईंनाही सोडलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "या वेळेला तिने ऐकून नाही म्हटलंय." धाकलीबाय तो कागद चार घड्या करून चोळीत खोचून निघून गेली. ती पुन्हा केंद्रात आली नाही.

त्यानंतर वर्षभराने बाईंना कावीळ झाली. अंगावर काढली, आणि दहा दिवसांत सगळं आटोपलं. केंद्रात त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मीच अर्ज लिहू लागलो आणि मीच वाचू लागलो. घसा बसतो हो. खरोखर बसतो.

महिन्याभराने दुसऱ्या एका कामासाठी धाकलीबायच्या गावात जाणं झालं. वाटेतच तिचं घर. म्हटलं, जिवंत आहे का बघावं. उंबऱ्यात बसलेली होती. आणि मला आश्चर्य वाटलं, कारण म्हातारी अंगाने भरली होती.

"बाय कुटं हाय? चार गुरवार आली नाय."

मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आता माज्या पोराचा सामान कोन आनील?"

"कसलं सामान?"

"तांदूल, गूल, सुके बोंबील. उरनशी धाडतो ना तो, दर गुरवारी. बायच्या हाती. तुना म्हाईत नाय?"

मी उंबऱ्यातच बसलो. बाई माळकरी होत्या. बोंबलाच्या वासाने त्यांना मळमळायचं, आणि त्या दर गुरुवारी मासळीबाजारात उभं राहून ते विकत घेत होत्या. वर या म्हातारीच्या तोंडावर धडधडीत सांगत होत्या, मुलाने पाठवलंय म्हणून. मला एका वाक्यासाठी आठवडाभर अबोला, आणि स्वतः वर्षभर हे! मला त्यांचा इतका राग आला, की समोर असत्या तर भांडलो असतो. आणि समोर नव्हत्या म्हणून रडू आलं. ते म्हातारीला दिसू नये म्हणून उठलो.

"आता मी आणत जाईन," मी म्हणालो. "त्याने मला सांगितलंय."

आजवर कोर्टात इतकं सहज कधी खोटं बोललो नाही.

म्हातारीने माझा हात धरला. "मंग त्याला एक निरोप दे. सामान नको म्हनावं. तूच ये."

मी उरणला दोनदा गेलो. पहिल्यांदा त्याच्या बायकोने दारातूनच सांगितलं की ते कामावर गेलेत. दुसऱ्यांदा तो घरात होता. त्याने निरोप ऐकला, "बरं" म्हणाला आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी पिशवी घेऊन गेलो तेव्हा धाकलीबायने पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. "सांगितलास?"

"सांगितलं."

"मंग काय बोलला?"

मी पिशवी उंबऱ्यावर टेकवली. काय सांगणार? पिशवी आत ओढून घेत ती म्हणाली, "तू नीट इचारत नाय त्याला. बाय दर गुरवारी सांगायची, तिच्याजवल तो कितीतरी बोलायचा."