दगड कोणत्या बांधीतला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाच नीट कळत नाही.

आमचं गाव सालेकशाच्या बाजूला. तलावाच्या मातीच्या पाळीखाली आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, तिला लागून सगुणाकाकीची. काकी नात्यातली नव्हे, शेजारची. नवरा गेलेला, मूल नाही. ती एक बांधी — तेच तिचं सगळं. मी नागपूरला मिशनच्या शाळेत शिकत होते. सुटीत घरी आले तरी चार माणसांत तोंड उघडायची नाही. काकी चिडवायची, "कावो माय, तोंडात मोहफूल धरून बसली का?"

आमच्याकडे एक रीत आहे. नांगराला कोरीव दगड लागला, तर तो देव. देवावरून पुन्हा नांगर जाऊ नये म्हणून त्याला बाजूला नेऊन मांडायचं. आमच्या बांधीत असा एक दगड निघाला होता, कमळ कोरलेला. काकीच्या नवऱ्याने तो बैलबंडीत घालून आपल्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावरच्या मोहाखाली ठेवला. काकी त्याला शेंदूर लावायची. नवं धान आलं की पहिली मूठ त्याची.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. जुन्या अवशेषांचं राष्ट्रीय उद्यान होणार, अवशेष जिथे निघाले ती जमीन सरकार घेणार, असं गावात सगळ्यांना कळलं होतं. मलाही. पाहणीला सरकारी साहेब आले ते दक्षिणेकडचे. हिंदीसुद्धा येत नव्हती. गावात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून मला बोलावलं. बाबा त्या दिवशी गोंदियाला गेले होते — म्हणजे मला कुणी शिकवून ठेवलं नव्हतं.

दगड निघाला कुठे, काकीच्या मोहाखाली उभ्या साहेबांनी विचारलं. मी काकीला विचारलं. ती हसली. "तुह्या बाबाच्या बांधीतून निंगला ना वो! आमच्या बुढ्यानं बंडीत आनला. सांग साहेबाले."

मी इंग्रजीत सांगितलं — इथेच निघाला. याच बांधीत.

घाबरले होते का? नाही. आवाजही कापला नाही. परक्या माणसासमोर मी इतकं स्वच्छ पहिल्यांदाच बोलले. काकी कौतुकाने बघत होती. म्हणाली, "कशी फाडफाड बोलून राहिली माही पोरगी!"

काकीची बांधी गेली. तार लागली, चौकीदार बसला. "दगड त्यायच्या बांधीतला, अन् जमीन माही काऊन नेली?" ती ज्याला त्याला विचारायची. सरकारचं काही वेगळं मोजमाप असेल, लोक म्हणाले. आणि मी? माझ्यावर तिचा संशय कधी गेलाच नाही.

पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीला काकी आमच्याच बांधीत मजुरीला आली. कापणी झाल्यावर मूठभर नवं धान घेऊन तारेपाशी गेली, तर चौकीदार आत सोडीना. साहेब तिथेच उभे होते. तिने मला हाक मारली. "दोन शब्द बोल ना माय. तुले तं येते त्याची बोली."

"मला तेवढी येत नाही, काकी."

ती बरं म्हणाली. मूठ तारेबाहेरच मातीवर सोडली आणि आमच्या खळ्यावर कामाला परत गेली.

आमच्या बांधीत अजूनही नांगराला कोरीव दगड लागतात. बाबा ते पोत्यात घालून तलावात टाकतात. मी पाळीवर उभी असते, कुणी येतंय का ते बघत.