थांबून राहिलो

हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा, सांडला तर मी जबाबदार नाही! मी भर सभेत, पन्नास इंजिनिअरांसमोर, माझ्याच मातृभाषेत नापास झालो.

मी पुण्यात सिम्युलेटर बनवतो. म्हणजे खोटी गाडी हो! खुर्ची, स्टेअरिंग, समोर पडदा, त्यावर ड्रायव्हिंग शिकायचं. आता दोन कंपन्यांच्या खोट्या गाड्या एकाच खोट्या रस्त्यावर पळवायच्या, तर त्यांना एकमेकींची भाषा कळायला नको? त्या भाषेचे नियम ठरवायला वर्कशॉप होतं, आणि तेही कुठे? नागपूरपलीकडे, आमच्या सौंसरजवळ, बोरगावात!

साहेब म्हणाले, "प्रात्यक्षिक जमलं तर नागपूरला ऑफिस उघडू, तूच सांभाळ." नागपूर! तिथून तासाभरावर, लोधीखेड्याला, आई-बाबा संत्र्याच्या बागेत दोघंच असतात. बारा वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो.

"दुसऱ्या यंत्रावर जो ड्रायव्हर बसेल, त्याच्याशी आधी दोनदा बोलून घे," साहेबांनी बजावलं.

"साहेब, गाव माझं, भाषा माझी!" किती ती ऐट!

माझं यंत्र बोरगावच्या हॉलमध्ये, दुसऱ्या कंपनीचं पांढुर्ण्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. मी आधी ऐटीत भाषण ठोकलं, "एका शब्दाचा एकच अर्थ, हाच आपला पाया!" मग हेडफोन चढवून नाव-गाव सांगितलं.

"कोन? लोधीखेड्याचा पोट्टा काय बे?"

गणपतकाका! आमच्या शाळेच्या मेटाडोरचे ड्रायव्हर! बाकावर दाटीवाटीने बसलेली आम्ही पोरं, दप्तरात सोललेल्या संत्र्याचा वास, काकांचा तो चिडका हॉर्न... सगळं एकदम आठवलं. पण समोर पन्नास लोक होते, मी खाकरून घेतलं.

पडद्यावर अरुंद पूल. अलीकडे माझा ट्रक, पलीकडे काकांचा. एकाने थांबायचं, दुसऱ्याने पार व्हायचं. एवढंच!

"काका, थांबलात का?"

"थांबून राहिलो ना!"

झालं! म्हटलं, काका पुलाच्या तोंडाशी निवांत उभे आहेत, माझीच वाट बघत. घातला ट्रक पुलावर.

धडाम!

"अबे, काहून घुसला?" काका हॉलच्या स्पीकरवरून गरजले. "थांबून राहिलो म्हनलं ना! ब्रेक दाबून राहिलो होतो, गाडी कुठं थांबली होती?"

आता बोला! पुण्यात पहिल्या वर्षी मित्र माझ्या 'करून राहिलो'ची, म्हणजे आमच्याकडच्या 'करतोय'ची, टिंगल करायचे. मी ते जिभेवरून घासून काढलं. कानातूनही गेलं, हे मला कुठे ठाऊक होतं?

माझं नागपूर त्या पुलावरून थेट नदीत गेलं होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्या बाई उभ्या राहिल्या. "टक्कर दोन्ही पडद्यांवर एकाच क्षणी दिसली का?"

"हो मॅडम," दोन्हीकडच्या ऑपरेटरांनी सांगितलं.

"मग यंत्रं पास! त्यांना एकमेकांचं सगळं कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं दोघांचं काय ते तुम्ही बघा."

असा हशा पिकला म्हणून सांगू! वरून काका अजून स्पीकरवरच.

"पोट्ट्या, तू रोज मोरीतून वरडे, 'काका, येऊन राहिलो!' मी समजून जाये, पोट्ट्यानं अजून पँट बी नाही घातली. धा मिनिटं गाडी उभी ठेवो तुयासाठी. तुयं मले समजे, अन् तुले माया एक शब्द नाही समजला?"

खरंच, त्या दहा मिनिटांत त्यांनी कधी एकदाही मला टाकून गाडी नेली नाही. डोळे पुसायला मी हेडफोनची वायर सोडवायचं निमित्त केलं.

"चाल, आता पांढुर्ण्याले घरी ये," काका हळू आवाजात म्हणाले. "काकू चहा ठेवून राहिली."

बाहेर आलो तर साहेबांचा फोन. "अभिनंदन! नागपूर पक्कं! कुठे आहेस?"

बारा वर्षांचं पुणं एका क्षणात जिभेवरून उतरलं. "निघून राहिलो, साहेब!"

"अरे, निघालास की राहिलास? एक काहीतरी सांग!"

मी पांढुर्ण्याच्या बसकडे बघितलं. "राहिलो, साहेब."

आणि हे मात्र त्यांना बरोब्बर कळलं. माझी एक रजा कापली!