नान्युमाने शिवी दिली नाही

नान्युमा त्राओरे चाळीस वर्षं एकाच जागी, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, चवळीचे वडे तळत होती. वस्तीत ती वड्यांसाठी ओळखली जाई, आणि सेरिबा कोनेला रोज सकाळी घातलेल्या शिव्यांसाठी.

सेरिबा तेव्हा साधा वकील होता. कोने आणि त्राओरे ही थट्टेची कुळं. भेटलं की एकमेकांचा उद्धार करायचा, हसायचं आणि कधी रागवायचं नाही, हा वाडवडिलांचा नेम.

"चवळीखाऊ म्हातारे, अजून मेली नाहीस?"

"मेले तर तुला गिळायला कोण घालणार रे, गुलामा? तुझ्या आजानं आमची गाढवं वळली!"

सगळी गल्ली हसे.

पुढे सेरिबा विरोधी पक्षाचा पुढारी झाला. म्हातारे राष्ट्राध्यक्ष तिसऱ्यांदा खुर्चीत बसले, तेव्हा त्याच्या शब्दावर माणसं रस्त्यावर उतरली. नान्युमाचा धाकटा भाऊ त्येकुरा, शाळेत भूगोल शिकवणारा, त्यांच्यात होता. गुरुवार, बारा मार्चला पोलिसांनी बारा जणांना उचललं. त्यात तोही गेला.

सेरिबा तिच्या चुलीपाशी येऊन म्हणाला, "बारा जण घरी आल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही."

मग तो बाहेरच्या देशांचा पाठिंबा मिळवायला निघाला. साडेसहा आठवड्यांत चार देशांच्या राजधान्या केल्या. प्रत्येक ठिकाणी मऊ कोच, शेजारी कोणीतरी राष्ट्राध्यक्ष आणि फोटो. इकडे नान्युमा दर शुक्रवारी तुरुंगाच्या फाटकावर डबा घेऊन जाई, आणि भरलेलाच परत आणी.

मेच्या पहिल्या तारखेला रेडिओने सांगितलं, समझोत्यावर सह्या झाल्या. राष्ट्राध्यक्ष तेच, पंतप्रधान सेरिबा कोने. अटकेतल्यांचा विचार एक समिती करील.

"समिती!" नान्युमाने झारा आपटला. "यांच्या पाठीवर पाय देऊन हा वर चढला, आणि यांचा विचार समिती करणार!"

रविवारी दुपारी सेरिबा वस्तीत आला. बरोबर शेजारच्या देशांचे दोन मध्यस्थ होते आणि ओल्या पानात बांधलेला कोलाच्या बियांचा पुडा. वस्तीने बिया फोडून वाटून घेतल्या की माफी मिळाली, असा रिवाज. पण आधी हशा हवा, म्हणून तो सरळ चुलीपाशी आला. थट्टेच्या कुळातली बाई रागावू शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"काय गं चवळीखाऊ म्हातारे! अजून मेली नाहीस?"

सगळे हसायला तोंड उघडून थांबले.

नान्युमाने हात पुसले. स्टूल पुढे केलं. वाटीत पाणी दिलं.

"या साहेब. बसा. प्रवास बरा झाला ना? घरची मंडळी बरी?"

कोणी हसलं नाही. मध्यस्थांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "किती अदबीची माणसं!" सेरिबाने मात्र पाणी न पिताच वाटी खाली ठेवली.

"अगं, असं काय बोलतेस? शिवी दे की!" तो हळूच म्हणाला.

"शिव्या आम्ही घरच्यांना घालतो, साहेब. आपण मोठी माणसं."

"राष्ट्राध्यक्ष ऐकेनात गं. मी काय करणार होतो?"

"सही करणार नव्हतात."

वस्तीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या म्हाताऱ्याने बियांचा पुडा उघडलाच नाही. पुडा स्टुलाखाली तसाच पडून राहिला. त्या दिवसापासून वस्तीतल्या एकाही त्राओरेने सेरिबाची थट्टा केली नाही. त्याची सासूही त्राओरेच. ती जावयाला रोज "साहेब" म्हणू लागली.

एकवीस मेला नऊ जण सुटले. त्येकुरा आला तो काठीसारखा होऊन. नान्युमाने त्याला पोटाशी धरलं आणि ती पोटभर रडली.

दुसऱ्या सकाळी सेरिबा एकटाच, पायी आला. चुलीपुढे उभा राहिला. त्येकुरा मागे बसून वडा खात होता.

"आता तरी?" सेरिबाने विचारलं.

नान्युमाने भावाकडे पाहिलं. मग मान वर केली.

"बारातले नऊ आले," ती म्हणाली. "बसा, साहेब."