नसीमची वरची खोली

नसीम गेली हे तिच्या धाकट्या भावानं, सलीमनं, फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "सांगत होते ना मी!" सलीमनं बिचाऱ्यानं ऐकून घेतलं. मी मात्र अजून गप्प बसलेले नाही. दीड महिना होत आला, लोक विचारतात, आठवण येते का? येते ना. आणि दर वेळी आधी संताप येतो, मग रडू...

आम्ही दोघी इथल्या एका कॉलेजात एकाच सुमारास लागलो. मी मराठी शिकवायची, ती भौतिकशास्त्र. पुढं ती हवामानबदलाच्या अभ्यासात शिरली आणि तिच्याशी साधं बोलणं मुश्कील झालं. दौलताबादच्या रस्त्यावर रसवंतीत बसावं, 'यंदा ऊन फार आहे' असं सहज म्हणावं, की झालं! दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडा वाईट, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो, शरीराला उसंतच मिळत नाही, आजारी माणसं त्यानंच जातात... रसातला बर्फ विरघळून जाई, हिचं संपत नसे.

आंतरराष्ट्रीय परिषदांना ती सल्लागार म्हणून जायची आणि परतल्यावर महिनाभर भडकलेली असायची. "कोळसा बंद करा म्हणतात. करतो की! पण सूर्य मावळल्यावर फुलंब्रीच्या दवाखान्यातला पंखा कशावर फिरवायचा? वीज साठवायला बॅटऱ्या लागतात, त्याला पैसा द्या म्हटलं की सगळ्यांना चहा आठवतो." गरम गावातल्या माणसाला थंड खोलीचा हक्क आहे, हे ती तिथं भांडभांडून मांडायची. आपल्याकडच्यांनाही सोडायची नाही. गरिबांचं नाव पुढं करून इथले पैसेवाले लपतात, असं तोंडावर सांगायची. मला तिचं सगळं पटायचं.

आणि ही बया स्वतः कुठं राहायची? सलीमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, उघड्या गच्चीच्या स्लॅबखाली, एका पंख्यावर. हृदयाचं दुखणं लागलं, डॉक्टरांनी बजावलं, विद्यार्थ्यांनी मिळून एसी आणला. तो हिनं जिन्यातूनच परत पाठवला. शेवटच्या भेटीत मी अक्षरशः हात जोडले.

"लाव गं बाई एसी. आजारी माणसानं लावला म्हणून जग बुडत नाही."

"विमानानं किती फिरले मी, शैला. हवा बिघडवणाऱ्यांत मी बी आहेच. आता गरिबांच्या आड लपू व्हय?"

"मग काय, मरतेस का?"

"तू लई बोलतीस. चाय घे."

घेतला. घामानं निथळत, शिव्या देत घेतला. त्याच आठवड्यात ती झोपेत गेली. उभ्या जगाला जे समजावत फिरली, ते स्वतःला सोडून सगळ्यांना लागू होतं, असं तिला वाटत होतं की काय कोण जाणे. इतकी हुशार बाई, आणि इतकी अडाणी!

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर सलीमनं बोलावलं. वरची खोली सोयगावच्या एका नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला द्यायची होती.

"बाजी, वर लई गरम होतं. एसी बसवावा म्हणतो. पर नसीम आपा को अच्छा लगता क्या?"

"हक्क आहे म्हणायची ना ती? मग लाव. आजच लाव."

माणसं आली, भिंतीला भोक पाडलं, पेटी बसवली. मी मुद्दाम वर थांबले. थोड्याच वेळात खोली गार झाली. इतक्या वर्षांत मी ती तशी कधी पाहिली नव्हती. मुलगी ओढणी नीट करून पुस्तक उघडून बसली. मी दारातच उभी, सवयीनं पदरानं वारा घेत. एवढं सोपं होतं, नसीम... एवढं सोपं होतं गं.